मेनू कमी करायचा नाही

साखर कारखाने बंद झाले, ऊसतोडीला गेलेली माणसं बिऱ्हाडं घेऊन परत आली, की आमच्या पाथर्डीच्या बाजूला लग्नसराई लागते. पाच-सहा महिने बंद असलेल्या घरांची कुलुपं निघतात, अंगणं झाडली जातात आणि आठ दिवसांत दारोदारी मांडव दिसायला लागतात. यंदाही लागले. तिसगावच्या रस्त्याला मंगल कार्यालय आहे, तिथला डीजे सकाळपासून चालू होतो. माझे कान आता मंद झालेत, पण फळीवरच्या ताटांना तो बरोबर कळतो. ताटं एकमेकांना लागून बारीक आवाज करतात. मी उठतो, दोन ताटांच्या मधी फडकं घालतो, परत येऊन बसतो.

पत्रिका येतात, त्या कोनाड्यात ठेवतो. लग्नाला जातो. अक्षता टाकतो, हातात ताट घेऊन उभ्यानं जेवतो, घरी येतो. कुणी विचारलं, कसं झालं लग्न, तर म्हणतो, झालं. मला काही वाटत नाही. सिमेंटमधी दिवसभर उघड्या हातानं काम केलं की बोटांची टोकं मरतात. नंतर गरम कप धरला तरी गरम लागत नाही. तसं आहे. दुखत नाही, हे खरं सांगतो. दुखत असतं तर निदान काय करायचं ते कळलं असतं.

मी गवंडी. चौथीपर्यंत शिकलो, पुढं शाळेला मी नको होतो आणि मला शाळा. विहिरी बांधल्या. आमच्याकडं विहीर खोदली की आतून गोल दगडाचं कडं बांधतात, माती ढासळू नये म्हणून. माझ्या कड्याचा दगड अजून एकाही विहिरीत सुटलेला नाही. हे मी कुणाला पटवायला सांगत नाही. ज्याला शंका असेल त्यानं उतरून बघावं.

सराई लागली की मला एकच सराई आठवते. अलकाच्या लग्नाची, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. अलका आमची एकुलती लेक. त्या साली ऊन असं होतं की मांडवाचा कपडा दुपारी हाताला चटका देत होता. पाण्याच्या टाक्यांवर ओली पोती टाकलेली. लिंबाचा मोहोर गळून सगळीकडं पडलेला, पाहुण्यांच्या टोप्यांवर, नवऱ्या मुलाच्या खांद्यावर, आमटीत सुद्धा. साडेबाराचा मुहूर्त. पाच गावं जेवायला. आणि त्या साली पहिल्यांदाच आमच्या आळीत लग्नाची शूटिंग झाली. तिसगावचा शकील फोटोवाला तेव्हा नवा होता, पंचविशीतला. त्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतलेला. मी त्याला बजावून सांगितलं होतं, कॅसेटी-बिसेटी नको, सगळं लग्न एकाच डिस्कमधी पाहिजे, दोन तुकडे केलेस तर परत करीन. त्या बिचाऱ्यानं पुण्याहून दोन थरांची मोठी डिस्क आणली. एकच केली. गावात मी ती किती जणांना दाखवली असेल ते सांगत नाही.

त्या डिस्कमधी सगळं गाव आहे. माझी बायको नाही.

याचं कारण मी आहे. तिचा भाऊ मिरजगावला. लग्नाच्या दोन वर्षं आधी तो आमच्या इथं एका वास्तुशांतीला आला होता. मी बांधलेल्या विहिरीत त्यानं वाकून बघितलं आणि चार माणसांत म्हणाला, "दाजी, कडं जरा बसक्यात गेलंय का वो?" म्हणजे कडं खाली खचलंय. हसून म्हणाला. मी हसलो नाही. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. लग्नाच्या पत्रिका वाटायला काढल्या तेव्हा हिनं एकदाच विचारलं.

"मिरजगावची बाजूला काढू का?"

"न्हाई."

"मामा लागतो पोरीच्या पाठीशी उभा राह्याला."

"मामा लई हायेत गावात."

 लग्नाच्या दिवशी ती मांडवात आली नाही. पहाटेच आचाऱ्याजवळ चुलवणावर जाऊन बसली. मी बोलवायला माणूस धाडला तर निरोप आला, पंगतीला काई कमी पडाया नको, घरचं माणूस हितं पायजे. कन्यादानाला माझा धाकटा भाऊ आणि भावजय बसली. लोक विचारत होते, अलकाची आई कुठंय. मी सांगत होतो, पंगतीकडं आहे, सगळं तिच्यावरच आहे. ते ऐकून लोकांना कौतुक वाटायचं. मी पण ते कौतुक घेतलं.

आणि मला तरी कुठं फुरसत होती. लग्न लागल्यावर सत्कार. नारळ, टोपी, टॉवेल, फेटे, पाऊण एक तास. कारखान्याचे एक संचालक आले होते, त्यांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला आणि माईकवर म्हणाले की या माणसानं आमच्या तालुक्याला पाणी प्यायला दिलं. मी शकीलला खूण केली, घेतोस का. तो घेत होता. इतकं घेतलं की पाठवणीला त्याची टेप संपत आली. अलका गाडीत बसली एवढंच आलंय. त्यानंतर ही चुलवणावरून आली, राखेचे हात तसेच, आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूनं काच खाली करून पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. अलकाच्या गालाला राख लागली. तोवर शकील कॅमेरा पिशवीत घालत होता.

ती गोष्ट मी त्या दिवशी बघितली आणि विसरलो. पंधरा वर्षं आठवली नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी ही उठली नाही. मी दोनदा चहाला हाक मारली. तिसऱ्यांदा आत गेलो. तेरावा झाला, पाहुणे जायचे होते, तेव्हा अलका म्हणाली, "तात्या, लग्नाची डिस्क लावा, आई बघू." सगळे बसले. हळद लावली, लग्न लावलं, सत्कार लावला. माझा मेव्हणा पण होता, खाली मान घालून. सगळ्यांनी हिला शोधलं. एके ठिकाणी हिरवं पातळ दिसलं, ती निघाली शेजारची. अलका रिमोट घेऊन मागं-पुढं करत राहिली. मग तिनं टीव्ही बंद केला आणि चहा ठेवायला गेली. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दीडेक महिन्यानं एका दुपारी मी एकटाच होतो. डिस्क लावली, का लावली ते माहीत नाही. रिमोटचं चुकीचं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर 'जेवण' अशी पाटी आली. ती आम्ही कधी उघडली नव्हती. लोक जेवताना कोण बघतंय. पाटीच्या मागं चित्र हलत होतं. चुलवणाचा धूर, बुंदीची कढई, झारा आपटणारा आचारी. आणि बाजूला पाट्यावर वाटण वाटत बसलेली ही.

डोक्यावर पदर, कपाळाला घाम. ती धुरातून मान वर करते, कॅमेऱ्याकडं बघते. आधी वैतागते. मग हसू येतं ते दाबते. हाताच्या मागच्या बाजूनं पदर पुढं ओढते आणि काहीतरी बोलते. चार-पाच शब्द असतील. वरून शकीलनं सनईचं गाणं लावलंय, त्यामुळं ऐकू येत नाही. बोलून झाल्यावर ती कढईकडं वळते आणि तिथं चित्र संपून परत पहिल्यापासून लागतं. धूर, झारा, मान वर.

काही दाबलं नाही तर ते चालूच राहतं. मी काही दाबत नाही. दुपारी जेवण झालं की लावतो. ती मान वर करते, बघते, बोलते, वळते. मला रडू येत नाही. तसं काही होत नाही. ताटात भाकरी आहे, समोर ती आहे, एवढंच. शेजारचा एकदा आला, म्हणाला, "तात्या, अडकलंय का? पुढं लावा की." मी म्हटलं, अडकलंय. अलकाला फोनवर सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवायचो आणि जेवला का, जेवलो, यावर फोन ठेवायचो.

या सराईच्या तोंडाला ते खरंच अडकायला लागलं. ती मान वर करायची आणि तिथंच तोंडाच्या चौकटी व्हायच्या. डिस्क पुसली, धोतराच्या सोग्यानं पुसली, साबणानं धुतली. पडद्यावर डोळे राहिले, हनुवटी गेली. मग डिस्क पिशवीत घातली आणि तिसगावला गेलो.

शकील आता चाळिशी ओलांडलेला. दुकानात ड्रोन टांगलेला, लग्नाच्या फिल्मा आता मोबाईलवरच जातात म्हणे. त्यानं डिस्क उजेडाकडं धरली. "तात्या, ही अजून जित्ती हाय? दुसरी कुणाचीच न्हाई ऱ्हायली." कॉम्प्युटरमधी घातली. बराच वेळ घरघर केली, पण सगळी आत उतरली. मग त्यानं कपाट उलटंपालटं केलं आणि डब्याच्या तळातनं एक कोरी डिस्क काढली.

"ही येकच निघाली बघा. आन साधी हाय, येका थराची. तुमचा माल हाय दुप्पट. बारीक करावा लागन."

"कर की."

"पिच्चर लई बारीक केला तर फुटतो, तोंडं वळकू येत न्हाईत." त्यानं पडद्याकडं बघितलं, टाळू खाजवली. "तात्या, मेनूच लई मोठा हाय. मेनू कमी करू. मग बाकीचं बसतंय."

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो.

"मेनू का कमी करायचा? बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, आमटी, भात, वर मठ्ठा. पाच गावं जेवून गेली, येक मानूस उपाशी उठला न्हाई. तू सवता दोन पंगतीला बसलास, आन आता मेनू मोठा झाला म्हनतो? येक वाटी कमी करायची न्हाई!"

शकील माझ्याकडं बघतच राहिला. मग टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. पासपोर्ट फोटोला आलेली एक बाई बाकड्यावर बसली होती, ती पण हसली.

"आवो तात्या, त्यो मेनू न्हाई वो! तुमची बुंदी कोन नेतंय?" डोळे पुसत त्यानं मला जवळ ओढलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही सुरवातीची पाटी येती ना, हळद, लग्न, सत्कार, जेवण, कुठलं बघायचं ते दाबायचं? त्याला मेनू म्हनत्यात. मी तवा नवा हुतो, हौसंनं सगळ्या पाट्यांच्या मागं हलतं चित्र घातलं, गानी घातली. त्यानंच जागा खाल्ली. आता काय करू, पाटी ठेवू, बटनं ठेवू, गानं काढू आन मागं चित्र येकच ठेवू. फोटोसारखं. हलनार न्हाई, बास."

"कुठल्या पाटीचं?"

"सगळ्याच. ह्या जेवनाच्या पाटीचंच सगळ्यात मोठं हाय."

तेवढ्यात त्यानं माझ्याच समोर अलकाला फोन लावला, तिचा नंबर त्याच्याकडं आहे. फोन मोठ्या आवाजावर होता, तिचं बोलणं मला ऐकू आलं. "शकीलभाऊ, मेनूबिनू काढून टाका वो सगळं. मंगलाष्टकं आन सत्कार तेवढा चांगला ऱ्हाऊ द्या. तात्यांचा जीव हाय सत्कारात." शकीलनं फोन माझ्याकडं धरला. मी म्हटलं, हां. ती म्हणाली, जेवला का. मी म्हटलं, जेवलो.

फोन ठेवल्यावर शकील कामाला लागला. मी म्हटलं, थांब. जेवणाची पाटी मोठी कर. त्यानं केली. धूर आला, झारा आला. कॉम्प्युटरवर ते न अडकता चाललं. तिनं मान वर केली.

"काकी!" शकील म्हणाला.  आमच्या घरी माती झाली तेव्हा तो आला होता.

ती बोलली, वळली. परत धूर.

"ह्या पिच्चरमधी कुठंच न्हाईत का?" त्यानं हळू विचारलं.

"न्हाई."

"काय म्हनत्यात?"

"तूच हुता ना समोर."

त्यानं डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न केला. "तात्या, शेकड्यानं लग्नं काढली वो त्याच्यानंतर." खोटं काही जोडून सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं. बरं म्हणजे काय, त्याच्याबद्दल राग आला नाही.

"फोटो लई चांगला निघन ह्यातनं," तो म्हणाला. "हितं थांबवतो बघा, हसत्यात तिथं. झकास. फकस्त हलनार न्हाईत."

"न हलणारी बघितलीय मी," मी म्हटलं. "घोंगडीवर. अर्धा दिवस. तुमी सगळ्यांनी पन बघितली."

शकीलनं माऊसवरचा हात काढला. बाकड्यावरच्या बाईनं पिशवीचे बंद उगीच सारखे केले.

मग तो शांतपणानं, माणूस दुखणाइताशी बोलतो तसं बोलायला लागला. मोबाईलमधी टाकून देऊ का. माझा मोबाईल बटणांचा. पेनड्राईव्ह देऊ का. माझ्या टीव्हीला ते भोक नाही, आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन मी बायको बघणार नाही. "मंग कायतरी कापावंच लागन," तो म्हणाला. "डिस्क म्हंजी रबर न्हाई तात्या, तानली आन बसवली."

हे मला कळत होतं. कड्याला दगड बसत नसला तर छिनावा लागतोच. पण त्याची रीत आहे. जे तोंड विहिरीत दिसतं त्याला छिन्नी लावत नाहीत. पाठ छिनतात, मातीकडची. ती कुणाला दिसत नाही. मी शकीलला तेच सांगितलं.

"मंग ह्यातली पाठ कोनती?" त्यानं विचारलं.

पडद्यावर चार पाट्यांची यादी होती. प्रत्येकीच्या पुढं किती जागा खाल्ली ते पट्टीनं दाखवलेलं. वाचायला मला वेळ लागतो, मी सावकाश वाचली. हळद लहान. लग्न मोठं. सत्काराची पट्टी लग्नाएवढी लांब. त्या पट्टीत मी होतो. डोक्यावर फेटा, हातात नारळ, संचालकांच्या बाजूला छाती काढून. तालुक्याला पाणी प्यायला दिलं, ते वाक्य. इतकं वय झालं, माझ्याबद्दल माईकवर कुणी बोललं ते तेवढंच. पुन्हा कुणी बोलणार नाही. विहिरीही आता कुणी बांधत नाही, बोअर घेतात. ही पंधरा वर्षं कुणी घरी आलं की मी आधी तीच पाटी उघडायचो, आणि ही आत भांडी घासत असायची. भांड्यांचा आवाज मोठा यायचा तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

"सत्काराचं काय करता येतं?" मी विचारलं.

"काय म्हंजी?"

"त्याचा फोटो करता येतो का? तिचा करत हुतास तसा. येकच चित्र. न हलता."

"येतो की. पन तात्या, भाषान जाईल. फेटा बांधत्यात ते जाईल. अलका म्हनली तेवढंच ठेवा."

"तिला मी सांगन."

"काय सांगताल?"

 मी म्हटलं, "तिची आई सापडली म्हनून सांगन."

त्यानं अजून दोनदा विचारलं. माणूस नीट आहे, उगीच कापत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी आवाज चढवला तेव्हा त्यानं पट्टी ओढली. सत्काराची लांब पट्टी टिचभर झाली. लग्नाचं तसंच राहिलं, हळदीचं तसंच. बाकीच्या पाट्यांची चित्रं त्यानं थांबवली, गाणी काढली. जेवणाच्या पाटीला हात लावला नाही. सगळं मिळून बसलं, वर थोडी जागा उरली. मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, छातीत, घशात. झालं नाही. बाहेर वरातीचा टेम्पो थांबला होता, त्याच्या हादऱ्यानं काचेच्या कपाटातल्या फोटोफ्रेमा हलत होत्या. मी खुर्चीवर बसून राहिलो.

डिस्क भरायला अर्धा तास लागला. तेवढ्यात शकीलनं बाईचे फोटो काढले. मग त्यानं नवी डिस्क दुकानातल्या टीव्हीला लावून बघितली. मुख्य पाटी आली, गप्प, थांबलेली. सत्कार दाबला. माझा फोटो आला. फेटा अर्धा बांधून झालेला, एक डोळा फेट्याच्या पदराखाली झाकलेला. बाई म्हणाली, "हे तुमी व्हय?" मी म्हटलं, व्हय. मग त्यानं जेवण दाबलं. सनई वाजली, धूर आला, तिनं मान वर केली. चौकटी नाहीत. हनुवटी सगळी दिसली. हनुवटीवर गोंदण आहे, ते पडद्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

शकीलनं रिमोट खाली ठेवला, पुढचं काही लावलं नाही. जुन्या डिस्कवर त्यानं तेव्हा लाल शाईनं लिहिलं होतं, शुभविवाह, खाली अलकाचं आणि जावयाचं नाव, त्याखाली सगळ्यात मोठं माझं. आता त्यानं मार्करचं टोपण दातानं काढलं.

"नवीवर काय लिहू तात्या? तेच?"

"नको," मी म्हटलं.  बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला अगं म्हटलं, अलकाचे आई म्हटलं, काहीच न म्हणता नुसतं खाकरलो. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही मी घेतलं नाही, हसून उठून गेलो होतो. "कौसल्या लिही."

मार्कर डिस्कवर टेकवून शकील थांबला. पंधरा वर्षं तो आमच्या घरी येतोय, चहा पितोय.

"कोन कौसल्या?" त्यानं विचारलं.

मी टीव्हीकडं बोट केलं.